विझलेल्या मेणबत्तीची सकाळ

मी एक चित्रफलक बोलतो आहे. ओक वृक्षाच्या फळ्या हा माझा देह. त्यावर खडूचा लेप, लेपावर रंग, आणि काठाने सोन्याचा वर्ख. हॅनोव्हर आणि वोल्फ्सबुर्ग यांच्या दरम्यान एक लहान गाव आहे. तेथील दगडी चर्चच्या वेदीवर मी पाच शतकांहून अधिक काळ उभा आहे. चित्राने बोलू नये, दाखवावे, असा माझ्या चित्रकाराचा दंडक होता, आणि तो मी आजवर पाळला. आज मात्र बोलतो. माझ्या मनावरचा एक भार उतरला आहे. तो उतरल्यावरही गप्प राहणे हा कृतघ्नपणा होईल.

माझा जन्म झाला तेव्हा या खंडातील चित्रकला नव्याने डोळे उघडत होती. सोनेरी पार्श्वभूमीवर तरंगणारे संत आता खोलीत येऊन बसू लागले होते. त्यांच्या पायांखाली फरशी आली होती आणि पाठीमागे खिडकी. माझा चित्रकार पश्चिमेकडील सखल देशात जाऊन तेलरंगाची विद्या शिकून आला होता. तो मितभाषी आणि देवभीरू होता. सकाळी प्रार्थना केल्याखेरीज त्याने माझ्यावर हात ठेवला नाही.

माझ्या मध्यभागी मरीया माता बसली आहे. तिच्या मांडीवर बाळ येशू आहे. भोवतीची प्रत्येक वस्तू काही सांगण्यासाठीच ठेवलेली आहे. काचेच्या सुरईत पांढऱ्या लिलीची फुले आहेत. ती मातेचे पावित्र्य सांगतात. प्रकाश सुरईच्या आरपार जातो, तरी काच फुटत नाही. हे तिचे कौमार्य. बाळाच्या मुठीत एक लहान पक्षी आहे. त्याच्या तोंडावर रक्तासारखा लाल ठिपका आहे. हा पक्षी काटेरी झुडपांत चरतो, आणि पुढे त्या बाळाच्या मस्तकावरही काटेच येणार आहेत. डावीकडे पूर्वेची खिडकी आहे, आणि तिच्यातून सोनेरी किरण आत येत आहेत. उजवीकडे मेजावर पितळी शमादानात एक मेणबत्ती आहे. ती विझलेली आहे. तिच्या वातीतून धुराची एक बारीक रेघ वर चढते.

ती मेणबत्ती चित्रकाराने सर्वांत शेवटी रंगवली. हात न थांबवता तो आपल्याशीच म्हणाला, “रात्रभर हिने काम केले. आता घरात प्रकाशच जन्मला आहे. हिने विसावा घ्यावा.”

त्या काळी गावातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मला मात्र ते वाचू शकत. शेतावरून आलेली बाई लेकराला कडेवर घेऊन उभी राही आणि एकेका वस्तूवर बोट रोखून तिचा अर्थ सांगे. पुढे धर्मसुधारणेचे वादळ आले. काही गावांत माझ्यासारख्यांवर कुऱ्हाड पडली. या गावाने माझी पूजा थांबवली, पण मला जाळले नाही. त्या संयमाचा मी ऋणी आहे. मग लोकांना अक्षरे आली, आणि मला वाचण्याची विद्या ते हळूहळू विसरले.

दीडशे वर्षांपूर्वी येथे एक पाद्री होता. माणूस वाईट नव्हता. विझलेली मेणबत्ती पाहून त्याला वाटले की यातून गावाची श्रद्धेतली बेपर्वाई दिसेल. त्याने शहरातून एक रंगारी बोलावला आणि धुरावर पिवळी ज्योत रंगवून घेतली. लोक प्रसन्न झाले. मी मात्र त्या दिवसापासून एक खोटे अंगावर वागवू लागलो. चांगल्या हेतूने केलेले खोटे हेही खोटेच असते. ते अधिक टिकते एवढेच, कारण त्याला कोणी खरवडत नाही.

हल्ली पाहुणे येतात, फोन उंच धरतात, माझे छायाचित्र घेतात आणि मग त्या छायाचित्राकडे पाहतात. माझ्याकडे पाहायचे राहून जाते. तक्रार करीत नाही. दिसते ते सांगतो.

अशा वेळी ईप्सिता आली.

ती मुंबईची. जुन्या चित्रांची दुरुस्ती आणि जतन यांवर ती येथील एका संस्थेत डॉक्टरेटचे काम करते. तिचा पती तनय वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या सॉफ्टवेअरचे काम करतो. मला वेदीवरून उतरवून, चर्चमध्येच, तीन पायांच्या मजबूत तिकाटण्यावर ठेवण्यात आले, आणि ती रोज माझ्यासमोर बसू लागली. ती गर्भवती होती. या देशात गर्भवतीला रसायने हाताळू देत नाहीत, म्हणून ती सूक्ष्मदर्शकातून पाहत केवळ एका बारीक पात्याने काम करी. तिचा हात स्थिर होता. मला तो आवडला.

चर्च रिकामे असले की ती पोटातील बाळाशी मराठीत बोले. “हे बघ बाळा, ही काच. हिच्यातून उजेड गेला तरी ही फुटत नाही.” मग पाते खाली ठेवून ती म्हणे, “तूही असंच ये. सावकाश. काही न मोडता.”

या शब्दांमागे एक दुःख होते. ते मला तिच्या फोनवरील बोलण्यातून कळले. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेले होते. त्याच आठवड्यात ग्रहण होते. साताऱ्याहून सासूबाईंनी बजावले होते की घराबाहेर पडू नकोस, काही चिरू-कापू नकोस. ईप्सिता नेहमीप्रमाणे कामावर गेली आणि तिने हातात पाते धरले. पुढे बाळ गेले, तेव्हा सासूबाई फोनवर एकच वाक्य बोलल्या: “मी सांगितलं होतं.”

त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यामुळे ते वाक्य अधिक खोल गेले. “डॉक्टरीणबाईंनी चार वेळा समजावलं की माझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं,” ईप्सिता मैत्रिणीला सांगत होती. “पण आईंनी ते कधीच म्हटलं नाही. आणि खरं सांगू का, मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.”

काम पुढे सरकत होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांखाली तिने माझे छायाचित्र घेतले, तेव्हा ज्योतीखाली धुराची मूळ रेघ दिसली. चर्चचे पंच आणि तिच्या वरिष्ठ बाई यांनी विचार करून ज्योत काढण्यास संमती दिली. तो पिवळा रंग साध्या मातीचा होता, त्यात विषारी काही नव्हते, हेही आधी तपासून झाले. मग तिने एकेक कण उचलत ती ज्योत काढली. धूर पुन्हा मोकळा झाला. मला पुष्कळ वर्षांनी खरे बोलल्यासारखे वाटले.

शनिवारी दुपारी तनय आपल्या आईला घेऊन आला. मालिनीबाई बाळंतपणासाठी नुकत्याच साताऱ्याहून आल्या होत्या. ईप्सिताची आई हयात नाही, म्हणून ही जबाबदारी सासूकडे आली होती. त्यांनी दाराशीच चपला काढल्या आणि थंडगार फरशीवरून अनवाणी चालत आल्या. ते पाहून हेर बेरेन्स धावले. हे वृद्ध गृहस्थ चर्चची देखभाल करतात. येथे अशा माणसाला क्युस्टर म्हणतात, आणि नावाआधीचे हेर म्हणजे श्रीयुत.

“नाइन, नाइन! काल्ट!” ते चपलांकडे बोट दाखवू लागले.

“काय म्हणतायत?” मालिनीबाईंनी विचारले.

“फरशी गार आहे म्हणतायत, आई. चपला घाल,” तनय म्हणाला.

“देवळात? त्यांना सांग, देवळात चपला घालून मी आजवर गेले नाही. आता या वयात नवीन काय शिकू?”

हेर बेरेन्स यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. मालिनीबाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले. बराच वेळ त्या मातेकडे पाहत राहिल्या.

“किती शांत बसलीय,” त्या म्हणाल्या. “आणि बाळ कसं अंगानं भरलंय! बाळाचा बाप कुठे दिसत नाही तो?”

“वोल्फ्सबुर्गला गेला असेल, ऑफिसला,” तनय म्हणाला.

हा विनोद मला रुचला नाही. परंतु ईप्सिता मनापासून हसली, म्हणून मी तो सोडून दिला. त्या हसण्याच्या भरातच तिने मेणबत्तीकडे बोट केले.

“आणि आई, ही माझी मेहनत बघा. इथे ज्योत होती. खोटी, नंतर कुणीतरी चढवलेली. कालच मी ती पूर्ण काढली. खालून हा धूर निघाला. केवढा नाजूक आहे ना?”

मालिनीबाईंचे जोडलेले हात सुटले.

“ज्योत होती?”

“हो.”

“आणि ती तू काढलीस?”

“हो, या पात्यानं.”

“पोटुशी बाई,” मालिनीबाई हळू म्हणाल्या. “सात महिने भरलेले. आईबाळासमोरची ज्योत तू आपल्या हातानं घालवलीस?”

“आई, रंग होता तो,” तनय मध्ये पडला. “चित्रातली ज्योत.”

“मग चित्रातल्या देवाला मी आत्ता हात कशाला जोडले? देव तेवढा खरा, आणि ज्योत रंगाची?”

 हा प्रश्न न्याय्य होता, हे मला मान्य केले पाहिजे. त्या बाईंची श्रद्धा अस्सल होती. फक्त त्यांनी मला एका कोपऱ्यात वाचले आणि तेथेच पुस्तक मिटले.

“आपल्याकडे दिवा विझला असं तोंडानंसुद्धा म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. “शांत झाला म्हणतात.”

“माहीत आहे, आई,” ईप्सिता म्हणाली.

“माहीत असून?” मालिनीबाई माझ्या अगदी जवळ आल्या. “परत रंगव. तुझ्याच हातानं. दोन ठिपके पिवळे, एक तांबडा. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

“आणि उद्या काही झालं तर?”

हे त्या फार खालच्या आवाजात म्हणाल्या.  एक जुने वाक्य त्या तिघांमध्ये येऊन उभे राहिले होते, आणि ते उच्चारण्याची गरज नव्हती. ईप्सिताने दिवा मालवला, सूक्ष्मदर्शकावर कापड टाकले आणि हातमोजे काढले.

निघताना आई दाराशी गेल्यावर तनय पत्नीजवळ आला. “तुमचे रंग रिव्हर्सिबल असतात ना? पाण्यानं निघणारे? मग दोन महिन्यांसाठी रंगव. बाळ झालं की पुसून टाक.”

“म्हणजे बाळंतपणापुरतं खोटं?”

“घरात शांतता राहण्यापुरतं. तिचं वय बघ, ईप्सिता. रात्रंदिवस तेच घेऊन बसेल ती.”

 तनय दुष्ट नव्हता. दोन माणसांवर प्रेम करणारा आणि दोघांनाही न दुखवू इच्छिणारा मनुष्य किती सहज खोट्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, हे मी पूर्वीही पाहिले होते.

सोमवारी ती एकटी आली. तिने सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. पांढऱ्या बशीत थोडा पिवळा रंग कालवला, सर्वांत बारीक ब्रश घेतला, आणि तो वातीच्या टोकाजवळ आणून धरला. 

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “मी इतकी शिकले. मला वाटायला नको. पण वाटते.”

मी मनात प्रार्थना केली. माझ्यासाठी नव्हे. ते खोटे मी दीडशे वर्षे वागवले होते. आणखी दोन महिने माझ्या लाकडाला जड नव्हते. जड जाणार होते ते तिला. एकदा भीतीपोटी ती ज्योत तिने रंगवली असती, तर पहिले बाळ आपल्याच पात्याने गेले, असे तिने स्वतःच मान्य केल्यासारखे झाले असते. मग जगातील कोणत्याही डॉक्टरला तिला त्या दोषातून सोडवता आले नसते.

ब्रश बराच वेळ तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि पाण्यात धुतला. पाणी पिवळे झाले. ती रडली नाही. परंतु त्या दिवशी ती बाळाशी एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, नीट उजाडण्यापूर्वीच, मालिनीबाई एकट्या आल्या. येथे हिवाळ्यात आठनंतर उजाडते. कामावर जाता जाता तनयने त्यांना सोडले होते. ईप्सिता तपासणीसाठी डॉक्टरकडे गेली होती आणि मागून येणार होती. मालिनीबाईंच्या हातात जेवणाचा डबा होता, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेले निरंजन. त्यांनी ते माझ्यासमोर फरशीवर ठेवले, तुपात भिजवलेली वात सारखी केली आणि काडेपेटी काढली. सुनेने चित्रात ज्योत रंगवली नाही, तर चित्रापुढे आपण लावावी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

हेर बेरेन्स पुन्हा धावले. जुने लाकूड, रंगांच्या बाटल्या, कापडाचे तुकडे. तेथे ज्योत लावणे म्हणजे अनर्थ. त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. मालिनीबाईंना भाषा कळली नाही, परंतु नकार कळला. त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून हेर बेरेन्स क्षणभर घोटाळले. मग त्यांनी त्यांना हाताने खुणावत दूर वेदीपाशी नेले, तेथील एक मोठी मेणबत्ती पेटवली आणि समोर खुर्ची ठेवली.

मालिनीबाई बसल्या. डोळे मिटून त्या पुटपुटत राहिल्या. स्तोत्र त्यांचे होते, वेदी दुसऱ्यांची होती. देवाला त्यात अडचण वाटली असेल असे मला वाटत नाही.

वेदीमागची खिडकी पूर्वेला आहे. हळूहळू तिच्या काचा उजळल्या आणि मग उन्हाचा एक सरळ पट्टा आत येऊन मेणबत्तीवर पडला. मालिनीबाईंनी डोळे उघडले. त्या पुढे झुकल्या. उन्हात ज्योत दिसेना. ती आहे की गेली, हे पाहण्यासाठी त्यांनी वर हात धरला आणि चटका लागताच मागे घेतला.

तेवढ्यात हेर बेरेन्स लांब दांडीच्या टोकाला बसवलेली पितळी टोपी घेऊन आले आणि त्यांनी ती अलगद मेणबत्तीवर ठेवली. टोपी उचलताच धूर निघाला. मालिनीबाई अर्ध्या उठल्या. नेमकी त्याच वेळी ईप्सिता आत आली.

“अगं, यांनी माझी मेणबत्ती...” त्या थांबल्या. “फुंकली नाही मात्र. टोपीनं झाकली. आपणही फुंकत नाही.”

“इथेही फुंकत नाहीत, आई.”

“पण शांत का केली? विचार त्यांना. मी अजून उठलेसुद्धा नव्हते.”

ईप्सिताने विचारले. हेर बेरेन्स यांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी खिडकीकडे हात केला. “या, एस इस्ट डोख हेल!”

“काय म्हणाले?”

“म्हणतायत, उजाडलंय की.”

“उजाडलंय,” मालिनीबाईंनी तो शब्द पुन्हा उच्चारला.

मग त्या वळल्या आणि माझ्याकडे चालत आल्या. या वेळी त्यांची दृष्टी आधी मेणबत्तीवर गेली, मग मातेवर, मग बाळावर, आणि प्रथमच डावीकडच्या खिडकीपर्यंत पोचली.

“हे सोनेरी काय आहे? ऊन?”

“हो.”

“म्हणजे चित्रात सकाळ आहे.”

“हो, आई.”

“मग शनिवारी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मेणबत्तीपाशीच थांबलात. आणि मी घाबरले.”

“कशाला?”

“तुम्ही पुन्हा तेच म्हणाल, म्हणून.”

 तेच म्हणजे काय, हे मालिनीबाईंना ठाऊक होते. ईप्सिता शांतपणे पुढे सांगू लागली. “रात्रभर ही जळली. मग हा जन्मला. या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे हाच उजेड. मग हिला करायचं काही उरलं नाही. कुणी विझवली नाही तिला. तिचं काम झालं.”

मालिनीबाई तिकाटण्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. काडेपेटी त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी उलटसुलट केली.

“मी अर्धंच चित्र पाहिलं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “ग्रहणाचंही तसंच केलं मी.”

“आई, राहू दे ते.”

“राहू कसं देऊ? दोन वर्षं राहू दिलंच की.” त्यांनी सुनेकडे पाहिले नाही, पाहिले असते तर कदाचित बोलता आले नसते. “तनयच्या आधीचा माझा गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसलीस म्हणून. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले. तेव्हा ठरवलं होतं, आपण असं कुणाला म्हणायचं नाही. आणि तुझ्या वेळी माझ्या तोंडून तेच निघालं.”

ईप्सिता खाली फरशीवर त्यांच्या पायांशी बसली. सात महिन्यांच्या पोटाने बसणे सोपे नव्हते.

“अगं, वर बस. फरशी गार आहे.”

“असू दे.”

“मग ऐक. तुझं काही चुकलं नव्हतं. तेव्हाही नाही, शनिवारीही नाही. आणि पुढे काहीही झालं, चांगलं होवो, वाईट होवो, तरी मी तुझ्यावर बोट ठेवणार नाही. हे मी हिच्यासमोर सांगते.”

त्यांनी माझ्यातील मातेकडे हात केला. माझ्यापुढे शतकानुशतके शपथा घेतल्या गेल्या आहेत. लग्नाच्या, तहाच्या, दारू सोडण्याच्या. त्यांतल्या पुष्कळ मोडलेल्याही मी पाहिल्या. ही मोडणार नाही, हे मला तत्काळ समजले. कारण ती बोलताना त्या बाईंना स्वतःचा कमीपणा गिळावा लागला होता.

ईप्सिताने सासूच्या गुडघ्यावर डोके ठेवले आणि ती रडली. दोन वर्षांचे ते रडणे होते. हेर बेरेन्स पाठ करून खुर्च्या सरळ करू लागले, ज्या आधीच सरळ होत्या. अखेर न राहवून त्यांनी विचारले, “आलेस गुट?”

“काय म्हणतायत?”

“सगळं ठीक आहे ना, विचारतायत.”

“हो म्हणावं. आणि विचार त्यांना, सकाळपासून पोटात काही आहे का. डब्यात थालीपीठ आहे. तिखट आहे हेही सांग, नाहीतर मला नावं ठेवतील.”

हेर बेरेन्स यांनी थालीपीठ खाल्ले. त्यांचे कान लाल झाले, परंतु त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असे ते कशाला उद्देशून म्हणाले, ते मला कळले नाही. त्या दिवशी ईप्सिता पुन्हा बाळाशी बोलू लागली.

माझ्या मेणबत्तीमुळे तिच्या पदरात पुन्हा दोष पडेल, या धास्तीलाच मी मनावरचा भार म्हणतो, आणि तो त्या सकाळी उतरला. पुढे मुलगी झाली. नाव इरा ठेवले. आई आणि मुलगी दोघीही सुखरूप आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल की मी यामुळे सुटलो. तसे नाही. बाळ सुखरूप आले ते कोणत्या ज्योतीमुळे आले नाही, आणि ते आले नसते तर कोणत्या धुरामुळे गेले नसते. जन्म आणि मृत्यू देवाच्या हाती आहेत. दोष मात्र माणसे एकमेकांच्या पदरात घालतात. प्रसूतीच्या खोलीत ती तरुण स्त्री गेली तेव्हा तिच्या पदरात तो दोष नव्हता. माझी सुटका तेवढ्यानेच झाली होती.

आता मी पुन्हा वेदीवर आहे. माझ्या फळ्यांतील भेगा बुजल्या आहेत, किड्यांची छिद्रे भरली आहेत. जुन्या जखमा अजून दिसतात, आणि त्या तशाच दिसाव्यात असे ईप्सिताने मुद्दाम ठरवले आहे. गावातील काही वृद्धांना ज्योत गेल्याची हळहळ वाटते. त्यांना हेर बेरेन्स खिडकीतील ऊन दाखवतात.

माझी मागणी मोठी नाही. मला नमस्कार केला नाहीत तरी चालेल. परंतु एखादे चिन्ह पाहून मनात भीती उभी राहिली, तर ती भीती दुसऱ्याच्या माथी मारण्यापूर्वी उरलेले चित्र पाहा. भीतीला घाई असते. भक्तीला नसते. आणि तुमच्या एका वाक्याने कोणाच्या घरात अंधार झाला असेल, तर ते वाक्य परत घ्यायला जा. फोनवर नव्हे, समोर जा.

परवा मालिनीबाई साताऱ्याला परत निघाल्या. विमानतळावर जाण्यापूर्वी सर्व जण इकडे आले. त्यांनी मला हात जोडले, हेर बेरेन्स यांनाही जोडले, नातीच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्या दाराकडे वळल्या. तोच इरा शिंकली. पाठोपाठ दुसऱ्यांदा शिंकली. निघताना कोणी शिंकले तर थोडे बसावे, पाणी प्यावे आणि मगच बाहेर पडावे, असा त्यांच्या घरचा जुना रिवाज आहे. ईप्सिताने काही न बोलता सासूकडे पाहिले. तनयने एक खुर्ची पुढे ओढली.

“बसतेस का, आई? पाणी देऊ?”

मालिनीबाईंनी खुर्चीकडे पाहिले, मग नातीकडे पाहिले.

“थंडी वाजतेय तिला,” त्या म्हणाल्या. “आधी टोपी घाला पोरीला. आणि चला आता, विमान थांबायचं नाही.”

मी त्यांना त्याच शब्दांवर निरोप दिला. तुम्हालाही देतो.